एकेचाळिसाव्या पिढीची सकाळ

आमच्या गावात नळाला रोज पाणी येत नाही. वडूजच्या पूर्वेला, माणच्या हद्दीला लागून असलेलं हे गाव. आळीआळीने पाळ्या लावून पाणी सोडतात. आज कुणाची पाळी हे सकाळी सातला भोंग्यावरून सांगावं लागतं, नाहीतर बायका रानात निघून जातात आणि नळ मोकळा वाहत बसतो. माझे वडील, आबा, सैन्यात सिग्नलमध्ये होते. निवृत्त होऊन आल्यावर हे काम त्यांनी कुणी न सांगता अंगावर घेतलं. पंचायतीला विचारून भोंगा आमच्याच गच्चीवर बसवला आणि सातच्या ठोक्याला माईकसमोर उभे राहायला लागले. पंचायतीचा शिपाई ते ऐकून त्या आळीचा व्हॉल्व्ह उघडायचा. पाळ्यांचा कागद बघायची सवय त्याने कधी लावूनच घेतली नाही.

पुढे आबांचे गुडघे गेले, तेव्हा मी त्यांना म्हटलं की तुमचा आवाज भरून घेते, बाकीचं यंत्र बघेल.

मी तासगावला राहते. सासरी द्राक्षबाग आहे, बेदाण्याची शेड आहे. मी मात्र घरी बसून एका परदेशातल्या कंपनीचं काम करते. काय काम ते विचारणाऱ्याचा चहा हमखास गार होतो, तरी इथे सांगायलाच हवं. कॉम्प्युटरमध्ये नवा प्रोग्राम घातला की तो बहुधा जुन्याच्या उरावर बसतो. जुना गेला, आणि नवा बिघडला तर दोन्ही गेले. आम्ही ज्या पद्धतीने काम करतो तिच्यात जुन्याला कुणी हात लावायचा नाही. नवं शेजारी, वेगळ्या खणात मांडायचं. त्या खणाला नाव आपण देत नाही. तो ज्या ज्या गोष्टींपासून बनला त्या सगळ्यांचा मिळून एक ठसा निघतो, तेच त्याचं नाव. एक टिंब बदललं तरी ठसा बदलतो. मग यंत्राला फक्त सांगायचं की आता या खणाकडे बघ. अशा प्रत्येक मांडणीला आम्ही पिढी म्हणतो. नवी पिढी चालली नाही तर यंत्र बंद करून चालू करायचं, पडद्यावर सगळ्या पिढ्यांची यादी येते, त्यातली मागची निवडायची. ती तिथेच असते, जशीच्या तशी. आपण जुने झालो हेही तिला माहीत नसतं.

आबांना हे माझ्या नवऱ्यापेक्षा लवकर कळलं. म्हणाले, "आमच्या स्टोअरमध्ये असंच. फाटलेला कोट शिवत बसायचं न्हाई, नवा इश्यू करायचा. जुना नंबर लावून ठेवायचा."

यंत्र लहानसंच होतं, सोप्यातल्या त्यांच्या लष्करी ट्रंकेवर बसलं. टाकीत पाणी किती आहे ते टाकीवर बसवलेल्या मापकावरून त्याला समजायचं. तारीख आणि ती पातळी या दोन गोष्टी आत गेल्या की कुणाची पाळी हे ठरायचं आणि आबांच्या आवाजाचे तुकडे जोडून घोषणा बाहेर पडायची. मला अभिमान होता तो एका गोष्टीचा. त्या यंत्राला मन नव्हतं. तीच पिढी, तीच तारीख, तीच पातळी घातली तर तीच घोषणा येणार, आज घाला नाहीतर दहा वर्षांनी घाला. मी हे आईलाही समजावून सांगितलं होतं. आई मिक्सरला हात लावायला भिते, तिने ऐकून घेतलं आणि शेंगा सोलत राहिली.

दोन वर्षांत आबांनी मला सळो की पळो करून सोडलं. आवाज चढा लागला, परत भर. "वरच्या" जोरात झालं, परत भर. माळावर मेंढरं राखणाऱ्यांच्या वस्तीला नवी पाइपलाइन गेली, तिची पाळी घाल. प्रत्येक बदलाला एक नवी पिढी. सुरुवातीला घोषणा अशी होती: "पाणी, पाणी. आज खालच्या आळीला पाणी." नंतर त्यांना दम लागायला लागला. छातीत पाणी साठतंय म्हणाले साताऱ्याचे डॉक्टर. विसाव्या पिढीला त्यांनी पहिलं एक "पाणी" काढून टाकायला लावलं, म्हणाले, एकदाच म्हणतो, पुरं होतंय. त्यापुढच्या प्रत्येक पिढीत आवाज थोडा थोडा बसत गेला. एकेचाळिसावीत तर दोन शब्दांच्या मध्ये श्वास ऐकू येतो. मी तो कापून टाकू का म्हटलं तर म्हणाले, "राहू दे. आन आता बेचाळीस झाली की थांबू, बेचाळीस कुळं उद्धरली म्हणायची."

ते गेले तेव्हा एकेचाळीस चालू होती.

सकाळी सात वाजता खालच्या आळीची, म्हणजे आमचीच, पाळी सांगितली गेली. आई परसात नळाला कळशी लावून होती. घागरी भरून आत आली तर आबा बाजेवर कुशीला वळून पडलेले, एक हात खाली लोंबता. मला तासगावहून पोचायला दुपार झाली. मयत हलेपर्यंत आमच्या आळीत कुणी चूल पेटवत नाही आणि पाणी भरत नाही, त्यामुळे मी आले तेव्हा सगळे नळ तसेच वाहत होते आणि आळीभर चिखल झाला होता. आबांनी हे कधी खपवून घेतलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात भावकीतल्या बायका बसल्या होत्या. आबा गेले त्या जागी पणती तेवत होती, शेजारी पीठ पसरून त्यावर पाटी झाकली होती. माणूस कोणत्या जन्माला गेला त्याचा ठसा पिठात उमटतो म्हणतात. सात वाजले आणि गच्चीवरून आबा बोलले.

"पाणी. आज वरच्या आळीला पाणी."

बायकांचं रडणं एकदम थांबलं. सगळ्यांनी माना वर करून छताकडे बघितलं. यंत्र बंद करायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, माझ्याही नाही. आणि आता ते बंद करायला उठायचं म्हणजे आबांना गप्प करायला उठायचं. मी बसून राहिले. तेरा दिवस ते असं रोज बोलले. वरच्या आळीतल्या बायका पदर डोक्यावर घेऊन नळावर यायला लागल्या.

त्या तेरा दिवसांत आई माझ्याशी एकच वाक्य बोलली, पण ते अनेकदा. "पाणी मागितलं आसंल का गं त्यांनी?"

जाणाऱ्याच्या तोंडात पाणी घालायचं असतं. ते तिच्या हातून घातलं गेलं नाही, आणि त्या वेळी ती पाण्यातच उभी होती. मी म्हणायचे, "नाही गं, झोपेतच गेले." मला काय माहीत. पाटी उचलली तेव्हा एक म्हातारी म्हणाली कावळ्याचा पाय आहे, दुसरी म्हणाली गाईचा खूर. आई वाकून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, कायबी न्हाई.

चौदाव्या दिवशी मी अंगणवाडीच्या बाईंचा आवाज भरून घेतला. शब्द तेच ठेवले. ती बेचाळिसावी पिढी. मागच्या पिढ्या आपोआप जात नाहीत, त्या मुद्दाम झाडून काढाव्या लागतात. मी काढल्या नाहीत. स्वतःला सांगितलं की यंत्रात जागा आहे, घाई काय.

महिना झाला असेल. मार्च होता, शेडमध्ये बेदाणा पडला होता. दुपारी मी तिथेच बसते, मोबाइलची रेंज बरी असते. हिरव्या जाळीतून येणाऱ्या उजेडात सगळं पाण्याखाली असल्यासारखं दिसतं, रॅकवर द्राक्षं सुरकुतत असतात, आणि माणूस असूनही आवाज नसतो. शिपायाचा फोन आला.

"ताई, आज आबा बोललं की वो."

मी इथूनच यंत्राची नोंदवही उघडली. सकाळी पावणेसातला यंत्र बंद होऊन चालू झालं होतं आणि एकेचाळिसाव्या पिढीवर उठलं होतं. वीज गेली असेल, नवीत काही खोट असेल. मी बेचाळीसवर आणून ठेवलं. दुसऱ्या दिवशी ते चाळीसवर उठलं, तिसऱ्या दिवशी अडतिसावर. मी चिडले. मी चिडते तेव्हा नीट विचार करते असा माझा समज आहे. एसटीने नवा अडॅप्टर पाठवला, आईला फोन केला, "तार कुणी हलवतं का गं?"

"कोण हलवंल? मी तर तिकडं बघतबी न्हाई."

छत्तीस. चौतीस. खाली खालीच. खराब तारेला असं मोजून मागे जाता येत नाही, हे मला कळत होतं आणि मी ते कुणाला बोलत नव्हते. बिघाड असता तर तो कसाही झाला असता. हे कुणीतरी पायरी पायरी उतरत होतं. शिपाई रोज दुपारी फोन करायला लागला. आधी मजेत, मग आवाज उतरवून.

"ताई, आबांचा दम कमी व्हत चाललाय."

"म्हणजे?"

"म्हंजी बरं वाटतंय त्यास्नी. काल खोकलं न्हाईत. आज तर लय खणखणीत."

मला कारण ठाऊक होतं. मीच तर ते आवाज क्रमाने रचले होते. पण गावाला ठाऊक नव्हतं. गाव रोज सकाळी सातला ऐकत होतं की मेलेला माणूस हळूहळू बरा होतोय. एक म्हातारा म्हणे पारावर म्हणाला, असाच बरा होत गेला तर येईल घरी.

त्यातच वस्तीची पाळी बुडाली. वस्ती आमच्या यादीत आली ती तेहतिसाव्या पिढीत. त्याआधीच्या पिढ्यांना माळावर माणसं राहतात हेच माहीत नाही. त्या दिवशी पाळी वस्तीची होती, आबा म्हणाले मधली आळी, शिपायाने मधल्या आळीचा व्हॉल्व्ह उघडला. पुढच्या वेळीही तेच. वस्तीवरच्या एका बाईने शिपायाच्या फोनवरून मला सांगितलं, "आवं ताई, मेलेल्या माणसाला काय बोलावं? पर आमची मेंढरं जित्ती हायती." जुन्या पिढ्या झाडायला मी दुसऱ्या दिवशी गावी गेले. तासगावहूनही झाडता आल्या असत्या, पण आबांचा आवाज मला फोनवरून पुसायचा नव्हता.

संध्याकाळी पोचले, लवकर झोपले. सकाळी उजाडताना सोप्यात खुडबूड ऐकू आली. मी दाराआडून बघितलं. आई ट्रंकेसमोर बसली होती. तिने तार ओढली, तोंडातल्या तोंडात दहा मोजले, परत लावली. पडदा उजळला, यादी आली. मग तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, शॉक बसू नये म्हणून, आणि कीबोर्डवरचा खालचा बाण दाबायला सुरुवात केली. प्रत्येक दाबाला ओठ हलत होते. तेवीस दाब, मग एंटर. यंत्र एकोणिसाव्या पिढीवर उठलं.

आबांनी शिकवलं होतं तिला. बिघडलं तर असं करायचं, पोरीला तासगावहून यायला लावायचं न्हाई. मिक्सरला भिणारी माझी आई.

मी पुढे झाले. ती दचकली नाही. म्हणाली, "थांब. सात वाजूंदेत."

मी शिपायाला फोन करून सांगितलं, भोंगा काहीही म्हणू दे, आज खरी पाळी खालच्या आळीची आहे, तीच सोडायची. मग आम्ही दोघी परसात नळापाशी जाऊन उभ्या राहिलो. सात वाजले. आबांचा आवाज आला, भरदार, गुडघे दुखायच्या दिवसांतला.

"पाणी, पाणी. आज वरच्या आळीला पाणी."

आईने उजव्या हाताची तीन बोटं मिटली होती. ती त्या मुठीकडे बघत राहिली. मग नळाच्या कट्ट्यावर बसली आणि तिने मला सांगितलं.

त्या सकाळी ती इथेच उभी होती. गच्चीवरून आबा बोलत होते, नळ वाजत होता, आणि तिला तीनदा "पाणी" ऐकू आलं. तिला वाटलं भोंगाच आहे. तिने घागर भरली, दुसरी लावली. आत आल्यावर बघते तर हात खाली लोंबता. "त्या तेरा दिसांत मी रोज मोजलं. भोंगा दोनदाच म्हनायचा. मग तिसऱ्यांदा कोन म्हनलं? आतनं त्यांनीच हाक दिली आसंल तर? आन मी हितं घागर भरतीया." ती रडत नव्हती. "मग मला वाटलं, मागं कवातरी त्यो तीनदा म्हनायचा. मागं मागं जाऊन बघावं. आज घावलं."

माझा राग कुठे गेला ते कळलं नाही. एवढी माणसं बाजूला होती, मी तेरा दिवस बाजूला होते, आणि ती ही बोटं मोजत एकटी बसली होती.

"तूच म्हनली हुतीस," आई म्हणाली, "तेच आत घातलं की तेच भाईर येतं. मग त्या दिसाचं घाल. ती तारीख घाल, टाकीत तवा जेवढं हुतं तेवढं घाल. मला त्या सकाळचं ऐकायचंय."

आम्ही सोप्यात आलो. भोंग्याची तार मी काढून ठेवली, आवाज खोलीतच राहील असं केलं. नोंदवहीत त्या दिवसाची पातळी होती. ती घातली, तारीख घातली. यंत्र अजून एकोणिसाव्या पिढीवर होतं.

त्या दिवशी चालू होती एकेचाळीस. खरी सकाळ हवी असेल तर आधी तिच्यावर जायला हवं होतं, दोन मिनिटांचं काम. मग श्वास घेत घेत आबा दोनदा "पाणी" म्हणाले असते. आणि तिसरं कुणाचं ते या घरात आम्हा दोघींना कायमचं ठाऊक झालं असतं. वीस वर्षं मी लोकांना सांगत आले की काय आत घातलं ते लपवायचं नाही, सगळं उघड मांडायचं. मी पिढी बदलली नाही. बटण दाबलं.

"पाणी, पाणी. आज खालच्या आळीला पाणी."

खोलीत, बाजेच्या इतक्या जवळ, तो आवाज भोंग्यासारखा वाटलाच नाही. आबा तिथे बसून बोलल्यासारखं झालं. आईने पुन्हा बोटं मिटली. एक, दोन, तीन.

"तीनदाच," मी म्हणाले. "भोंगाच होता, आई."

तिने मान हलवली. पदराने यंत्रावरची धूळ पुसली. मग ती म्हणाली, "आवाज बरा हुता की गं त्यांचा त्या दिशी. दम न्हाई, खोकला न्हाई."

मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"व्हय," मी म्हटलं.

"मंग झालं तर. पूस आता समदं. वस्तीवाल्यांचं हाल नगंत."

मी बेचाळीसवर आले आणि मागच्या पिढ्या झाडायला लावल्या. यंत्र एकेका खणाचा ठसा दाखवून तो पुसत गेलं, लांबलचक अक्षरं आणि आकडे, कुणालाच वाचता न येणारे. एकेचाळीस कधी गेली ते कळलंही नाही. आता ती सकाळ कुणालाच परत वाजवता येणार नाही, मलाही नाही. यादीत एकच ओळ उरली.

मी पुढचे काही दिवस तिथेच राहिले. खालच्या आळीची पाळी आली त्या सकाळी अंगणवाडीच्या बाई गच्चीवरून बोलल्या, "पाणी. आज खालच्या आळीला पाणी." आई नळाला कळशी लावून उभी होती. दोनदा झालं. ती तशीच उभी राहिली, मान घराकडे वळवून. कळशी भरून वाहायला लागली, पाणी तिच्या पायांवरून आळीकडे चाललं. मी पुढे होऊन नळ बंद केला.